चिंगीची निळी थैली

मिशनच्या कचेरीत तिला सगळे किलोबाई म्हणत, आणि तिला ते मनातून आवडायचं. दूरदूरच्या इस्पितळांकडे निघालेल्या नव्या कुटुंबांना हातातली बॅग कशी भरायची ते शिकवणं हे तिचं काम. नवरा डॉक्टर. त्याच्यामागे चार ठिकाणचे संसार तिने बॅगांतून नेऊन मांडले होते. मोजे बुटांत, औषधाच्या बाटल्या मोज्यांत, जड कोट अंगावर. आणि एक नियम ती प्रत्येकाकडून घोकून घ्यायची, "ज्याच्यावाचून अडेल ते हातात. बाकीचं मागनं आलं तरी चालतं."

या खेपेला, पाचव्या ठिकाणी निघताना, छोट्या विमानापाशी हातातल्या बॅगेला माणशी सहा किलोंची मर्यादा होती. किलोबाईची बॅग काट्यावर ठेवली, तर सहाशे ग्रॅम जास्त! रांगेत नेमकं तिनेच शिकवलेलं एक कुटुंब मागे उभं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बॅगेत वरच दोन गोष्टी होत्या, कॉफीचा डबा आणि चिंगीची निळी थैली. चिंगी तिची नऊ वर्षांची लेक, दोन्ही कानांत ऐकायचं यंत्र लावणारी. थैलीत यंत्रं सुकवायची डबी, गोष्टींची पुस्तकं आणि यंत्रांचे चार महिन्यांचे सेल होते. सेल ते केवढे, शर्टाच्या बटणाएवढे. चेन उघडून काढून घ्यायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण किलोबाईला अब्रू वाचवायची घाई, आणि सकाळच्या कॉफीशिवाय तिचं डोकं चालत नसे. थैली मोठ्या सामानात गेली, डबा हातात राहिला.

मोठं सामान विमानात मावलंच नाही. "पुढच्या फेरीला येईल," वैमानिक म्हणाला. पुढची फेरी तीन आठवड्यांनी होती.

"अगं, सेल तुझ्या बॅगेत होते ना?" पोचल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"त्या काटेवाल्याने थैली काढायला लावली," ती म्हणाली. धडधडीत खोटं. डॉक्टर त्या बिचाऱ्या काटेवाल्यावर चरफडत वॉर्डात गेले.

यंत्रांतले सेल संपत आलेले, जेमतेम दिवसभर पुरले असते. चिंगीने आपली आपणच तोड काढली. एका वेळी एकच यंत्र लावायचं, तेही सकाळी आई गोष्ट सांगेल तेवढाच वेळ. एरवी ती समोरच्याचे ओठ बघून भागवायची. पाठमोऱ्या पोरीला हाक मारली तरी ती वळायची नाही; किलोबाईला उठून तिच्यासमोर जावं लागायचं. कॉफीचा डबा तिने उघडलाच नव्हता. फळीवर तो तसाच होता, आणि त्याच्याकडे बघायची तिला लाज वाटायची.

अकराव्या सकाळी गोष्ट ऐन रंगात आली आणि शेवटचा सेल संपला. चिंगीने यंत्र काढलं, पुसलं, रुमालात गुंडाळलं आणि आईला वाईट वाटू नये म्हणून उगाच हसली. ते हसू काही किलोबाईला बघवेना. तिने लेकीला समोर बसवलं आणि प्रत्येक शब्द ओठांवर नीट दिसेल असं सावकाश सांगितलं, "काटेवाला काहीच म्हणाला नव्हता. तुझी थैली मी काढली. कॉफी ठेवायला."

"माहितेय," चिंगी म्हणाली. "मी तिथेच होते की. मी बघितलं."

"मग बाबांना सांगितलं का नाहीस गं?"

चिंगीला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तूच सगळ्यांना सांगतेस ना, ज्याच्यावाचून अडेल ते हातात. मला वाटलं, तुझं कॉफीवाचून अडत असेल."

चिंगीने आईच्या ओठांकडे बघितलं. ते हलत नाहीत म्हटल्यावर तिने फळीवरच्या डब्याकडे बोट केलं आणि विचारलं,

"मग तू ती पीत का नाहीस?"