पाहुण्यांची खोली

देवगडच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आईने कुळथाच्या पिठाची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "थंय गेल्यार असा बोलू नको गो, लोका हसतली."

मी तिचं ऐकलं. ऑफिसात माझी भाषा इतकी स्वच्छ झाली, की तू कोकणातली वाटतच नाहीस, असं लोक कौतुकाने सांगायचे. या शहाण्यांचं कोकण म्हणजे तारकर्लीची बोट आणि सुरमई थाळी. बांगडा काटे काढून भरवावा लागेल अशी जात. पण त्यांच्याहून वाईट पुण्यातले आमचेच लोक. वर्षातून एकदा हॉल घेऊन जमायचे, सोलकढीचे ग्लास धरून गावासाठी गळे काढायचे. त्यांच्या गावच्या घरांना मात्र कुलूप. मी त्या मेळाव्याला दोनदा गेले, मग सोडलं.

यंदा ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली. मी सगळं सामान बांधून जामसंड्याला आमच्या घरी आले. धाकट्या भावाने माझ्या खोलीत एसी बसवला होता, भिंतीवर विकत आणलेले शंख टांगले होते. समुद्र गावाला लागून असताना विकतचे शंख. मे महिन्यात या खोलीत पर्यटक उतरतात, असं भावजयीने सांगितलं.

जेवताना तिने माझ्यासाठी कमी तिखटाचं वेगळं सार वाढलं. मी म्हटलं, "माका तुमचाच घाल. मी आता हयंच रवतलंय." ती हसली. ताई अजून किती गोड मालवणी बोलतात, असं नवऱ्याला म्हणाली. परक्याने दोन शब्द उचलले की म्हणतात, तसं.

भाऊ हसला नाही. कचेरीत बोलतात तसल्या मराठीत म्हणाला, "ताई, चार दिवस राहा. कायमचं तुला इथे जमायचं नाही." आणि त्याच दमात मागीलदारच्या गड्याला, "कलमांक पाणी घातलंस काय रे?" आई मान खाली घालून भात कालवत राहिली.

मी भांडले नाही. भांडायलाही आपलं माणूस लागतं. त्याच आठवड्यात मालवणात दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

आई फोनवर हल्ली माझ्याशी शुद्ध बोलू बघते. 'कधी येणार आहेस' म्हणताना अडखळते. बघू, म्हणते मी.

घरमालकीण मला पुण्याची समजते. मी खुलासा करत नाही. पाणी आलं की ती हाक मारते, बाकी काही विचारत नाही. इथे मला कोणी आपली म्हणत नाही, म्हणून कोणी पाहुणीही करत नाही. सध्या याला मी घर म्हणते. आपलेपणाचं नाटक ज्यांना जमतं, त्यांनी खुशाल करावं.