शहाण्णवावं वजन

त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. इस्पितळात आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांत सगळे त्यांना वजनताई म्हणत. वजन कमी करण्याच्या एका संशोधनासाठी माणसं गोळा करायची आणि ती वर्षभर टिकवायची, हे त्यांचं काम. ताई स्वतः अंगानं भरभक्कम. कोणी त्यावरून टोमणा मारलाच तर म्हणत, "मी बारीक असते तर तुम्ही मला दारात तरी उभं केलं असतंत का?"

कुणाला दुकानात, कुणाला बसथांब्यावर गाठून त्यांनी असे एकशे वीस जण जमवले होते. मोठ्या डॉक्टरांनी केलेल्या तक्त्याप्रमाणे आहार, रोजचं चालणं आणि तीनदा वजन: सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षानं. शेवटच्या वजनाला निदान शहाण्णव जण आले नाहीत तर सगळं संशोधन रद्दीत, असं आधीच कागदावर ठरलेलं. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचची. बुधवारी आकडा एक्याण्णववर अडून बसला होता.

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण घायकुतीला आले होते. त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं, उरलेल्यांतल्या पाच जणांना फोन करा, वजन विचारा आणि लिहून टाका. ज्यांचं कमी झालं असेल अशांनाच विचारा, ही पुस्तीही जोडली. वजन काट्यावरच घ्यायचं असा नियम आहे ना, असं ताईंनी विचारलं, तर म्हणाले, नियम मीच लिहिलाय.

"मग पाळायलाही तुम्हीच हवं," ताई म्हणाल्या आणि वही घेऊन बाहेर आल्या.

न आलेल्या एकोणतीस जणांची सहामाही वजनं त्यांनी एका पानावर उतरवली. पाच जण गाव सोडून गेले होते, दोघांचे फोन लागत नव्हते. उरलेल्या बाविसांपैकी अठरा जणांचं वजन उतरायच्या ऐवजी वाढलं होतं. तेव्हा कुठे ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. माणसं आळशी नव्हती, तोंड लपवत होती. काटा होता औषधखिडकीसमोरच्या बोळात. मदतनीस बाई काट्याशी उभी राहून आकडा ओरडायची, लांब टेबलाशी बसलेला कारकून तो लिहून घ्यायचा आणि औषधाच्या रांगेतले वीस जण फुकटात ऐकायचे. वर्षभर हे डोळ्यांदेखत चाललं होतं आणि आपल्याला खटकलं नाही, याचा ताईंना स्वतःचाच राग आला.

गुरुवारी सकाळी त्यांनी काटा उचलून चादरींच्या कोठीत नेला आणि प्रमाण वजन ठेवून दोनदा तपासून घेतला. कारकुनानं परवानगीचा कागद मागितला.

"सोमवारी मागा. मला काढून टाकायचा कागदही तेव्हाच तयार असेल, एकदमच फाइलला लावा."

मग पायाला भिंगरी लावून त्या घरोघर फिरल्या. दार बंद असेल, आकडा कुणी ओरडणार नाही, एवढंच सांगत. शुक्रवारपर्यंत चौघे आले. पाचव्या म्हणून त्यांनी शिवणकाम करणाऱ्या एका मावशींना धरलं, पण मावशींनी मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही.

"माझं पाच किलो वाढलंय. तुमचा अभ्यास बिघडेल. ज्यांचं उतरलंय त्यांना न्या."

"फक्त त्यांनाच नेलं तर अभ्यास खोटा होईल, मावशी. यातलं काय जमत नाही, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

यावर मावशींनी मशीन थांबवलं आणि ऐकवायला सुरुवात केली. दोन्ही जेवणांनंतर चाळीस मिनिटं चाला, म्हणे. त्या वेळात शिलाई कोण मारणार? ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, की वजनाच्या कागदावर शेऱ्याची जागा कोरी असते, हे सगळं तिथे येऊन सांगा.

शनिवारी पावणेपाचला मावशी आल्या. दार लागलं. पाच किलो चारशे ग्रॅम वाढ. शेरा मावशींनी सांगितला आणि ताईंनी शब्दही न बदलता लिहिला: दिवसभर बसून शिवणाऱ्या बाईनं कधी चालायचं, ते हा तक्ता करणाऱ्यानं सांगावं.

सहीसाठी ताई कागद आणि मावशी दोघांनाही घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. शेरा वाचून डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. वजन ठीक आहे, पण हा शेरा खोडा, असं ते म्हणाले.

"खोडला तर मावशी आपलं नाव काढून घेणार आहेत. मग पंच्याण्णव राहतात," ताई म्हणाल्या. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मावशींनी मान डोलावली.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, शेरा पुन्हा वाचला आणि सही केली. ताईंनी कागद फाइलला लावला. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. मांडीवर पिशवी घेऊन डॉक्टरांकडे बघत म्हणाल्या, "हं, आता सांगा. कधी चालायचं?"