याले एखादं पॅशन लावून द्या!

यवतमाळात मी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतो आणि पोरांचे बाहेरच्या विद्यापीठांचे अर्ज तपासून देतो. त्यामुळे मला किस्से शोधावे लागत नाहीत. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मध्येच तोंड घालतो. हल्ली अर्जात 'तुमचं पॅशन प्रोजेक्ट कोणतं?' असा रकाना असतो. सगळी गंमत तिथेच!

*

एक वडील पोराला घेऊन आले. "सर, ट्यूशन लावली, जिम लावली. आता याले एखादं पॅशन लावून द्या. दिवाळीपर्यंत होऊन जाईन ना?"

पोराने मोबाइलमधून मान वर काढली. "ऑनलाइन असलं तर बरं!"

*

एका बॅचमध्ये जो तो कुठल्या ना कुठल्या संस्थेचा संस्थापक-अध्यक्ष. एकाला विचारलं, "सदस्य कोण आहेत रे?"

"आई आहे ना, सर. पण ते मिटिंगले येत नाही."

*

एकीने भर मे महिन्यात वृक्षारोपण केलं. यवतमाळचा मे! म्हटलं, "अगं, पावसाळ्यापर्यंत तरी थांबायचं!"

"सर, अर्जाचं पोर्टल थांबते काय?"

*

पण दिखाव्यातूनही खरं काही निघतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्याच रोहनने कॉलेजच्या गल्लीतल्या कुत्र्यांना फोटोपुरत्या पोळ्या घातल्या. अ‍ॅडमिशन झाली, तरी सकाळी पठ्ठ्या डबा घेऊन गेटवर हजर! मी चिडवलं, "आता कायले रे?"

"माहं झालं, सर. पण कुत्र्यांले कोण सांगन?"

*

दारव्ह्याच्या स्नेहलची आई आठवडी बाजारात भाजी विकते. तिथल्या बायांची लहान पोरं दिवसभर उन्हात पोत्यांवर पडून असायची. स्नेहल दर बाजाराला त्यांना गोळा करून जवळच्या बुद्धविहारात नेते, गोष्टी सांगते, झोपवते. अर्जात ती हे लिहीतच नव्हती. "हे काय प्रोजेक्ट आहे का, सर?" मीच लिहायला लावलं.

फी माफ झाली तरच तिला पुण्याला जाता येणार होतं, आणि तशी जागा एकच. ऑनलाइन मुलाखत माझ्याच लॅपटॉपवर झाली. मी बाजूला बसलो होतो, जीव मुठीत धरून.

पॅनेलवरच्या मॅडम गोड हसल्या. "खरं सांग हं. हे अ‍ॅडमिशनसाठीच ना? नाही मिळाली, तर बंद करशील?"

मी डोळेच मिटले.

"नाही मिळाली तर चालूच राहीन, मॅडम," स्नेहल म्हणाली. "मिळाली तर बंद पडन. तुमच्याकडं बाजाराच्या दिवशी सुट्टी भेटते का?"