पडद्याला लावलेलं सूत

चनबसप्पा डोळ्यांच्या जोरावर जगणारा माणूस. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका खोलीत कंप्युटर मांडून तो चादरींची नक्षी काढतो. आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक घर भरायचा, एका मोराला आठ दिवस लागायचे. आता हातात माऊस आलाय, पण सवय जुनीच. रंग भरला की त्याच रंगाच्या सुताची लडी तो पडद्याला टेकवून धरतो. सूत आणि पडदा एकजीव दिसेपर्यंत रंग हलवत बसतो आणि मगच चित्र कारखानदाराच्या मोबाईलवर पाठवतो. "सूत खोटं बोलत न्हाय," हे त्याचं वाक्य गल्लीला पाठ आहे.

आणि तरी यंदा तीनदा घोटाळा झाला. कारखानदार शिवानंद दारात उभं राहूनच बोलून गेले, "चनबसप्पा, फोटोत निळंशार दावतासा, आन् चादर विणून येती हिरवट! गिऱ्हाईक माझ्या तोंडावर घडी फेकतंय. सोमवारी मोरपंखी नमुना द्यायचाय. ह्यो जर चुकला, तर पुढची नक्षी मी दुसऱ्याकडनं घेनार बगा."

चनबसप्पाला जेवण जाईना. बत्तीस वर्षं ह्याच कामात गेलेली. रंगाऱ्याला शिव्या घालून झाल्या, सूतवाल्याला घालून झाल्या. त्यात जुन्या मॉनिटरच्या मधोमध काळी रेघ उठली. लेक शिवानी मात्र खूश, आता नवा मॉनिटर येणार. कॉलेजातनं आली की ती मैत्रिणींबरोबर गेम खेळायची, आणि त्या जुन्या पडद्यावर तिचा शत्रू दिसायच्या आधीच तिला मारून जायचा.

शनिवारी बापलेक नव्या पेठेतल्या कंप्युटरच्या दुकानात गेले. शिवानीच्या पर्समध्ये नक्षीचा पेनड्राइव्ह, अप्पांच्या नायलॉनच्या पिशवीत सुताच्या चार लड्या.

दुकानदार देवदत्त बोलका. "काका, हा बघा, खास गेमिंगचा. एका सेकंदाला एकशेऐंशी वेळा चित्र बदलतं."

"चादर एका जागी पडून असती की ओ. तिला पळवून काय करू?"

"आणि हा डिझाइनवाल्यांचा. नव्याण्णव टक्के रंग खरे."

"आन् एक टक्का कुटं गेला? निळ्यातला गेला का हिरव्यातला?"

देवदत्तानं डोकं खाजवलं. शिवानी तोवर पहिल्या मॉनिटरसमोर बसलीही होती. तो दोन्ही बाजूंनी आत वाकलेला.

"अप्पा, हाच घेऊया की! काय भारी दिसतंय!"

चनबसप्पानं आपली नक्षी त्याच्यावर लावायला सांगितली. लावली आणि तो मागं सरकला. "यप्पा! काठ वाकडा झाला की गं! असा काठ विणला तर लोक मला सोलापुरातनं हाकलतील."

"काठ सरळच आहे काका, पडदा वाकलाय."

"मला कसं कळनार कोन वाकलंय ते?"

दुसऱ्या, सपाट मॉनिटरवर तीच मोरपंखी नक्षी उघडली. चनबसप्पानं पिशवीतनं मोरपंखी लडी काढून पडद्याला टेकवली. सूत हिरवट, पडदा निळाभोर. कालच घरी त्यानं हीच लडी लावून दोन्ही एक केलेले. त्यानं चष्मा पुसून परत लावला. तरी निळाच.

"ट्यूबच्या उजेडात रंग फसवतो," तो म्हणाला. "भाईर काढा ह्येला."

देवदत्त म्हणाला बाहेर काढत नाहीत, पण काकांचं तोंड बघून वायर लांबवून त्यानं मॉनिटर फूटपाथवर स्टुलावर ठेवला. दुपारचं ऊन असं, की पडद्यात मोर दिसेना, चनबसप्पाच दिसला. हातात लडी, कपाळावर विभूती, तोंड उघडं. रसवंतीवाला गाळा सोडून बघायला आला. "काय चाललंय अप्पा? पूजा हाय का?"

"रंग बगतोय," चनबसप्पा म्हणाला, आणि आपण काय बघतोय तेच त्याला कळेना.

मॉनिटर दाराच्या सावलीत आणला. लडी लावली. पडदा निळाच.

"म्हंजे ह्यो पन खोटा," तो हताश झाला. "चल अव्वा, घरला." लेकीला तो लाडानं अव्वाच म्हणायचा.

शिवानी हलली नाही. तिनं मोबाईलवर तेच चित्र उघडून लडीशेजारी धरलं. निळं. मग देवदत्ताच्या मोबाईलवर. निळं.

"अप्पा, हे सगळे निळंच म्हणतायत. हिरवं म्हणणारा आपला घरचाच एकटा."

"पर मी सूत लावून..."

"सूत खरंच आहे. घरचा पडदा पिवळा पडलाय. तुमी त्याला सुताएवढं आणायला निळा घालत गेला, आणि तो जास्तीचा निळा शिवानंद काकांच्या मोबाईलवर गेला."

चनबसप्पा पायरीवर बसला. ज्या लडीनं त्याला कधी फसवलं नव्हतं, तिच्याच भरवशावर तो चुकत गेला होता. कधीपासनं? दोन वर्षं? पाच? पडदा रोज थोडाथोडा पिवळा झाला असणार, आणि डोळाही त्याच्याबरोबर.

त्यानं सपाट मॉनिटर घेतला. शिवानीनं वाकड्याकडं एकदा बघून घेतलं. देवदत्त हळूच म्हणाला, "गेम यावरही चालतात गं, जरा सावकाश." ती म्हणाली, "चालतंय. अप्पांचा मोर तरी मरायला नको."

रविवारी दिवसाउजेडी नव्या पडद्यावर चनबसप्पानं नक्षी सुताशी जुळवली. चित्रातला निळा थोडाथोडा कमी करत गेला. त्याच्या डोळ्याला मोर आजारी दिसत होता. तरी सुताचं ऐकलं आणि पाठवलं. सोमवारी शिवानंद स्वतः आले, विणलेला तुकडा एका हातात, मोबाईल दुसऱ्यात.

"बरोबर हाय की ओ! दोनी येकच. मग आजपतूर काय झालतं?"

चनबसप्पानं मोरपंखी लडी गुंडाळून पिशवीत ठेवली. शिवानंद पुढच्या नक्षीचं सांगून गेले. मग तो खाटेवर बसला. खाटेवर त्यानंच काढलेली जुनी चादर होती, लई लाडकी. तिच्यावरनं हात फिरवत त्यानं लेकीला विचारलं,

"अव्वा, ही कुठल्या रंगाची गं?"

"जांभळी."

"मी बी जांभळीच म्हनत होतो," तो म्हणाला, आणि चादर खिडकीपाशी नेऊन परत एकदा बघितली.