गाळलेली पानं

आमच्या घरात कादंबरीचं भवितव्य एका अंगठ्यावर ठरतं. अंगठा माझ्या लेकीचा, वय वर्षं तेरा. मी मोठ्याने वाचते, ती ऐकते, आणि जिथे तिचा अंगठा फोनकडे सरकतो तिथे मी पेन्सिलीने फुली मारते. पुण्याच्या एका प्रकाशकाने कुमार कादंबऱ्यांच्या स्पर्धेसाठी मला परीक्षक म्हणून घेतलं, तेव्हा त्यांनी निकष पाठवले होते. भाषा, आशय, मूल्यं वगैरे. फुल्यांची पद्धत माझी. मुलांच्या पुस्तकांना मोठ्यांनीच आपापसात गुण वाटायचे, हे मला मुळात पटत नाही. पायाचं माप न घेता चपला शिवल्यासारखं वाटतं ते.

लेक जन्मली इथे दुबईत, वाढली करामा भागात. मराठी तिला सगळी समजते, मनात आलं तर बोलतेही, पण छापील पान समोर धरलं की दोन ओळींत दमते. म्हणून हा मोठ्याने वाचण्याचा खटाटोप. कादंबऱ्या ईमेलने येतात, लेखकाच्या नावाशिवाय. मी आमच्या इमारतीखालच्या टायपिंग सेंटरमधून त्यांचे प्रिंट काढून आणते. तिथे व्हिसाचे अर्ज भरून घ्यायला माणसं बसलेली असतात, मांडीवर पासपोर्ट घेऊन. एरवी मी त्यांच्याकडे बघतही नसे. यंदा मात्र मला त्यांच्याकडे बघवेना.

कारण नवऱ्याची नोकरी गेली होती. जबल अलीतल्या एका गोदामांच्या कंपनीत तो होता. एका सकाळी मीटिंगला बोलावलं आणि खलास. नोकरी गेली की व्हिसा रद्द होतो, आणि मग ठरावीक मुदतीत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की लेकीला परीक्षा संपेपर्यंत काही कळू द्यायचं नाही. आम्हाला परत जायला पुणं तरी आहे. तिच्या दृष्टीने परत जाणं असं काही नाहीच, तिचं सगळं इथेच आहे. ऐन परीक्षेत हे सांगितलं तर ती कोलमडेल याची मला खात्री होती.

मग नाटक सुरू झालं. नवरा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग घेऊन नेहमीच्या वेळी बाहेर पडायचा. एखाद्या दिवशी दुबई मरीनात मुलाखत असायची. बाकीचे दिवस कुठल्यातरी मॉलच्या फूड कोर्टात बसून अर्ज पाठवायचा. संध्याकाळी यायचा, दाराशी बूट काढायचा आणि ट्रॅफिकबद्दल तक्रार करायचा. मी दिवसभर फोन उराशी धरून बसलेली. कुणी बेल वाजवली तरी आधी फोनच बघायचे. त्यातच लेकीच्या शाळेची ट्रिप निघाली. पैसे भरायला लागणार म्हणून माझा जीव टांगणीला, तर ही म्हणाली, "नाही जाणार. इट्स सो बोरिंग." या वयातल्या आळसाचे मी मनोमन आभार मानले आणि नवऱ्याला म्हटलं, सुटलो.

अशा मनःस्थितीत मी परीक्षण करत होते. पहिल्या कादंबरीत चार मुलांनी तस्करांची टोळी पकडली, आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतलीसुद्धा. फुल्याच फुल्या. दुसरीत आजोबा झाडाखाली बसून जे बोलायला लागले ते थांबेचनात. लेक चक्क झोपली.

तिसरी एका लहान गावातली. तिथली कागद गिरणी बंद पडते आहे अशी कुजबुज, आणि त्या गिरणीतल्या कामगाराची मुलगी. पहिलं प्रकरण वाचलं आणि माझ्या लक्षात आलं, लेकीने फोन पालथा ठेवलाय. असा क्षण आला की परीक्षकाने हरखून जावं. मी मात्र घाबरले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर पुढचं सगळं वाचून काढलं. गिरणी बंद पडते. बाप घरी सांगत नाही, रोज डबा घेऊन निघतो आणि एसटी स्टँडवर बसून राहतो. मुलीला ते कळतं. ती कुणालाही कळू न देता घराला सांभाळत राहते, नवी चप्पल नको म्हणते, वाढदिवस लहान मुलांचे असतात म्हणते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला झालं. या लेखकाला कुणी सांगितलं आमच्या घरातलं? मी चिडले, आणि चिडून समासात शेरा मारला: "अविश्वसनीय. या वयाची मुलं इतकी समंजस नसतात. हे मोठ्यांचं स्वप्नरंजन." शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं.

वाचन तिथेच थांबवता आलं असतं. पण कधी नव्हे ते ती रोज विचारायला लागली, "आई, त्या डॅडचं काय झालं?" मराठी पुस्तकासाठी मुलगी मागे लागली आहे, आणि मी नाही म्हणू? मग मी वाचताना पानं गाळायला लागले. एसटी स्टँड उडवलं. बापाला शेजारच्या गावातल्या गिरणीत रात्रपाळी मिळवून दिली. नजर कागदावर ठेवून मी बिनधास्त थापा मारत होते, आणि पुढच्या पानावर लेखकाने काय घालून ठेवलंय ते आठवून मनात पुढची थाप जुळवत होते.

तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "आई, यू आर मेकिंग इट अप."

"काहीतरीच काय! हे बघ, लिहिलंय."

"नाही लिहिलंय. तू वाचतेस तेव्हा बुकसारखं बोलतेस. हे तू आपल्यासारखं बोललीस." मग म्हणाली, "त्याला जॉब नाहीये. बाबासारखंच."

मी कागद खाली ठेवले. आधी वाटलं, हसून उडवून लावावं. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. बाबाचे शूज. आधी वेअरहाउसमधून आला की व्हाइट व्हायचे, सगळी डस्ट. आता रोज क्लीन असतात."

कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. इस्त्री, बॅग, वेळ, आम्ही सगळं सांभाळलं होतं. बुटांचं डोक्यातच आलं नाही.

"केव्हापासून माहितीये?"

"बिफोर द ट्रिप."

आणि मला ते लख्ख आठवलं. सो बोरिंग. माझी सुटका.

"तुला जायचं होतं का गं?"

तिने खांदे उडवले, पण डोळे भरून आले होते. "ऑब्व्हियस्ली," ती म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. रडले, अगदी मोकळेपणी. कोलमडेल म्हणून जिला आम्ही जपत होतो, तीच कधीची आम्हाला जपत होती. तिला भीती वाटते का विचारलं तर म्हणाली, वाटते, रोज वाटते. नोकरी मिळेल का, हे तिने विचारलं. मी म्हटलं, इन्शाल्ला, कारण दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

मग मी समासातला तो शेरा खोडायला घेतला. फार दाबून लिहिला होता, खोडूनही दिसत होता. बाजूला बसून ती माझी खाडाखोड बघत होती. काय लिहिलंय ते तिने विचारलं नाही, आणि तिला माझं हाताचं अक्षर वाचता येत नाही याचं मला त्या दिवशी पहिल्यांदाच बरं वाटलं.

"आज बाबा आला की तिघं बसून बोलू," मी म्हटलं. "लपवालपवी पुरे झाली."

"नको," ती पटकन म्हणाली. "बाबाला नको सांगूस मला माहितीये ते. मला माहीत नाहीये म्हणून तो रोज रेडी होतो, आई."

 तेवढ्यात दारात किल्ली फिरली. नवरा आत आला, बॅग ठेवली, वाकून बूट काढले. लेकीने फोन उचलला, त्यात डोकं घातलं आणि वर न बघता विचारलं, "बाबा, ट्रॅफिक होता का आज?"

"विचारू नकोस," तो म्हणाला. "जबल अलीपासून जाम."