लीलाआत्याची हाक

लीलाआत्याला काही विचारलं की उत्तर एका मूर्तीनंतर मिळायचं. हातात कुंचला असताना ती बोलत नसे, श्वाससुद्धा रोखून धरायची. गणपतीचे दोन्ही डोळे आखून झाले आणि कुंचला पाण्यात बुडाला, की मगच मान वर करून म्हणायची, "व्हय, काय म्हणत व्हतीस?" तोवर विचारणारा बरेचदा निघून गेलेला असे. एकच डोळा आखून ती कधी उठली नाही. मग चहा निवो की पाहुणा दारात ताटकळो. "एक डोळा उघडून देवाला तसाच ठेवायचा नाय," ती सांगायची. "अर्धंच दिसलं तर तो न्यायपण अर्धाच करल."

ती माझी सख्खी आत्या नव्हती. पेणजवळच्या जोह्यातल्या निम्म्या गावाची ती आत्या होती. नवरा गेल्यावर तिने मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीवर घर चालवलं आणि निलेश या एकुलत्या मुलाला वाढवलं. गणपतीच्या कारखान्यात प्रत्येकाचा बसायचा पाट ठरलेला असायचा. कोणी आजारी पडलं, रुसलं, दुसऱ्याच्या कारखान्यात गेलं, तरी आत्या त्याचा पाट तिथून हलवू देत नसे. रोज सकाळी तो पदराने पुसायची. मग तो माणूस रस्त्यात दिसला की एवढंच म्हणायची, "तुझा पाट उचलला नाय रे. ये." बहुतेक लोक परत यायचे. मीसुद्धा एकदा आले होते. बारावीत नापास झाल्यावर महिनाभर मी घराबाहेर पडत नव्हते, तेव्हा.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हंगामात मी आत्याच्या शेजारी बसून मूर्तींना पॉलिश पेपर मारायचे. पेणच्या कॉलेजात परीक्षा असली की ती माझ्या हातातला कागद काढून घ्यायची. "तू तुझा पेपर लिव, हा पेपर मी घासते," म्हणायची आणि एसटीपर्यंत सोडायला यायची. मराठी घेऊन बीए झाले त्या दिवशी तिने माझी गुणपत्रिका हात धुऊन मग हातात घेतली. चौथीपर्यंत शिकलेली ती बाई एकेक विषय बोटाने वाचत गेली.

त्या पदवीवर मला बेलापूरच्या एका ऑनलाइन गेमिंग कंपनीत नोकरी लागली. मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळायचं ॲप होतं. काम मराठीतून संदेश लिहायचं. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी धंदा समजावला. कोण जिंकतो, कोण हरतो, याच्याशी कंपनीला देणंघेणं नव्हतं. प्रत्येक डावातून कंपनी आपला हिस्सा कापून घेई. त्यामुळे हरणाऱ्याची चिंता नव्हती, चिंता होती ती उठून जाणाऱ्याची. त्याला परत आणून बसवायचं, हे माझं काम. जाहिरातीच्या शेवटी सवय लागू शकते, जपून खेळा, हा इशाराही मीच लिहायचे. तो मात्र शक्य तितक्या कमी शब्दांत मागितला जाई, आणि जाहिरातीला आवाज देणारा तो इतक्या भरभर वाचायचा की कानाला फक्त गडबड कळावी.

दर महिन्याला वकील येऊन जोखमीचा तक्ता दाखवायचे. कुठल्या राज्यात बंदी येऊ शकते, जमा रकमेवर कर वाढला त्याचं काय, कोर्टाने हा नशिबाचा खेळ ठरवला तर काय. मी पुढच्या रांगेत बसून मन लावून सगळं टिपून घ्यायचे. जोखीम म्हणजे कंपनीचं काय होईल ते. खेळणाऱ्याचं काय होईल, यासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता. त्याची मला आज जेवढी चीड येते, त्याहून जास्त याची येते की तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

एकदा साहेब म्हणाले, तुमचे संदेश पुस्तकी वाटतात, घरच्यासारखं लिहा. मी घरचं लिहिलं. "दादा, तुमचा पाट अजून उचलला नाही. या." त्या एका ओळीने जितके लोक परत आले तितके आधी कुठल्याच बक्षिसाने आले नव्हते. माझ्यासाठी केक कापला. तो फोटो मी आईला पाठवला.

निलेश तेव्हा रोह्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला होता. तो खेळतो हे मला माहीत नव्हतं. आषाढात मी गावी गेले तेव्हा कारखान्यात त्याचा पाट रिकामा होता. आत्या एका मूर्तीसमोर बसली होती. मला बघून तिने कुंचला बाजूला ठेवला आणि सांगायला लागली. निलेशची बायको मुलीला घेऊन कासूला माहेरी गेली होती. मग निलेशने आईच्या पायाला हात लावून ॲप काढून टाकलं, रजा टाकली आणि बारा दिवस पाटावर बसून रंगकाम केलं. तेराव्या दिवशी फोनवर संदेश आला. तुमचा पाट अजून उचलला नाही, असा. त्याने तो हसत हसत वाचून दाखवला, "आई, बघ, कंपनीपण तुझ्यासारखीच बोलते." संध्याकाळी तो रोह्याच्या खोलीवर गेला, तो गेलाच. फोनवर विचारलं की म्हणे, थोडंच खेळतो.

"तू तशाच कंपनीत हाईस ना गो?" तिने विचारलं. "ह्यांना पैसा मिळतो कशातून?"

मी साहेबांनी समजावलं तसंच समजावलं. शेवटी, का कोण जाणे, हेही म्हणाले, की आत्या, कायद्याने तो कौशल्याचा खेळ आहे.

ती कुंचला उचलून मूर्तीकडे वळली. एक डोळा पूर्ण केला. मग थांबली. "निलेश तीन वर्सं खेळतोय. तीन वर्सं माज्याकडं बसता तर आखणी शिकला असता. कौशल्य असंल तर हात बसतो, प्राजू. त्याचा कुठं बसला? ज्याचा बसला तो तुजा सायेब."

मला गप्प राहता आलं असतं. पण पाट हा शब्द तिच्या तोंडून ऐकल्यापासून माझे कान जळत होते. ती ओळ मी लिहिली, असं मी सांगितलं.

आत्या उठली. मूर्तीचा एकच डोळा उघडा होता. दाराशी जाऊन ती पाठमोरी उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ते बोलणं माझं व्हतं, गो," ती म्हणाली. "निलेशला मी त्यानंच हाक मारायची. आता कशानं मारू?"

सोमवारी मी साहेबांना ती ओळ काढून टाका म्हटलं. त्यांनी ती वकिलांना दाखवली. वकिलांनी कळवलं, यात जिंकण्याचं आमिष नाही, आक्षेपार्ह काही नाही. ओळ राहिली. मीही दिवाळीपर्यंत राहिले. धाकट्या भावाची फी होती. ही सबब आहे, आणि ती खरीही आहे. मग ती नोकरी सोडून रोह्याला एका शाळेत लागले.

पुढच्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा आला. कंपनीने ॲप बंद केलं. जुन्या सहकाऱ्यांच्या गटात साहेबांनी लिहिलं, एका फटक्यात सगळं गेलं, आमचं ऐकून घेणारं कोणी नाही. किती नोकऱ्या गेल्या, किती गुंतवणूक बुडाली, याची हळहळ सगळीकडे वाचायला मिळाली. मी निलेशच्या बायकोच्या कासूचं नाव शोधत होते असं नाही, पण एका तरी घराचं नाव असावं असं वाटत होतं. निलेशला अजून कुठल्या तरी परदेशी ॲपचे संदेश येतात. त्यांचं मराठी फार वाईट असतं. समाधान असलं तर एवढंच.

आत्या मागच्या माघात तापाने गेली. त्या आषाढानंतर पाटाचं ते वाक्य तिने कोणालाच म्हटलं नाही. पाट मात्र पुसायची. मी गेले की माझाही पुढे सरकवायची. ही गोष्ट मी कधी विसरणार नाही.

बाराव्याला निलेश कारखान्यात आला. त्याच्या पाटावर धुळीचा थर होता. आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, शेवटचं वर्षभर आई फोन लावायची आणि बोलायचीच नाय. नुसता श्वास. आई बोल ना, म्हटलं तरी गप्प. का गं असं करायची?

मला कारण माहीत होतं. मी त्याला सगळं सांगितलं, ती ओळ कोणी लिहिली इथपासून, आई दाराशी काय म्हणाली इथपर्यंत. त्याने मध्ये एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला वाटायचं ती रागावलीय," तो म्हणाला. "म्हणून मीच फोन ठेवून द्यायचो."