चौकड्यात हरवलेला खिसा

आमच्या शेजारचे काका जन्मभर मागावर चादरी विणत आले. त्यांच्या चौकड्याच्या शर्टाला खिसा आहे, हे त्यांनी पेन काढल्याशिवाय कळत नाही, इतक्या त्याच्या रेघा शर्टाच्या रेघांना जुळलेल्या असतात. कापड बेतताना ते शिंप्यापुढं ठाण मांडून बसतात. घरातले फोटो, गच्चीतल्या कुंड्या, ताटातल्या काकडीच्या फोडी, सगळं त्याच शिस्तीत. खरं सांगतो, त्यांना घरी बोलवायची मला भीतीच वाटते.

मागच्या आठवड्यात कॉलनीच्या हॉलमध्ये फरशी बसत होती. चारच ओळी झालेल्या. काका दारातूनच म्हणाले, "ओळ पळायलीय की."

गवंडी उखडला. "काका, तुमी शर्ट बघा, फरशी आमी बघतो."

सगळे हसले. काकांनी दोरा मागितला आणि ओळीच्या कडेनं थेट समोरच्या भिंतीपर्यंत ताणला. तिथं पोचेस्तोवर ओळ चार बोटं तिरकी जाणार होती. गवंड्यानं चारही ओळी उखडल्या.

काल काम संपलं. रेघ दारापासून भिंतीपर्यंत नाकासमोर गेली होती. गवंडी काकांजवळ आला. "शर्ट कुटं शिवता हो, काका?"

काकांनी पेन काढून शिंप्याचा पत्ता लिहून दिला. गवंडी अजून त्यांच्या छातीवर खिसा शोधत होता.